तोरूची म्होरकी

मित्रांनो, मी एक जुनी म्होरकी आहे. घोड्याच्या तोंडाभोवती आणि कानांमागे मी बसते. हनुवटीखालून माझा लांब दोर निघतो आणि त्याचं टोक माणसाच्या हातात असतं. नारीनच्या डोंगरात, आसानाकून म्हाताऱ्याच्या घरी, दाराच्या आतल्या खुंटीवर मी सध्या लटकलेली असते. येणारे-जाणारे मला बघतही नाहीत. बघतील तरी कशाला? माझ्यात आता घोडं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी नायलॉनची नाही. बाजारातल्या त्या निळ्या-हिरव्या दोऱ्या घोड्याच्या नाकाडावरचं कातडं सोलून काढतात, दोन उन्हाळ्यांत कुजतात, आणि तरी त्यांचा तोरा काय वर्णावा! मला आसानाकूनने स्वतःच्या हातांनी विणलं. त्याचा काळा घोडा म्हातारपणी गेला, तेव्हा त्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस त्याने जपून ठेवले होते. ते त्याने धुतले, विंचरले, मऊपणासाठी त्यात बकरीचे केस मिसळले आणि पूर्ण एक हिवाळा शेणीच्या शेगडीपाशी बसून मला घडवलं. एखादा पेड सैल पडला की तो सगळं उसवून पुन्हा सुरुवात करायचा. त्याची बायको तेव्हा हयात होती. ती म्हणायची, "माझ्या केसांकडे कधी इतकं लक्ष दिलं नाहीत!"

पुढे त्याच्या मुलाचं, तुर्गुनबायचं, लग्न झालं आणि झूराकान घरात आली. या घरातलं काहीतरी आपलं असावं असं तिला वाटलं असणार. तिने लग्नातल्या लाल रुमालाची एक चिंधी फाडली आणि जिथून माझा दोर सुरू होतो तिथे गाठ मारून बांधली. ती चिंधी आता विटकरी झाली आहे, पण आहे.

आमच्याकडे जनावर विकलं तरी म्होरकी विकत नाहीत. सौदा झाला की धनी ती काढून घेतो आणि घेणारा आपली दोरी आणतो. घराचं नशीब म्होरकीत राहतं, ती गेली की गोठा रिकामा होतो, असं आमची माणसं मानतात. त्यामुळे मी बाजाराला जायची ती घोड्याच्या तोंडावरून आणि परत यायची ती तुर्गुनबायच्या खांद्यावरून. किती घोडे माझ्यातून गेले, पण मी दर वेळी घरी आले. शेजारी म्हणायचे, "आसानाकूनच्या घरात ही म्होरकी आहे तोवर त्यांना घोड्यांची वाण पडायची नाही." अशा वेळी मी खुंटीवर जरा ऐटीतच लटकायचे.

मग तोरू आली. तिची आई, आमची घरचीच घोडी, खिंडीतल्या बर्फावरून घसरून गेली, तेव्हा तोरू पायांवर धड उभीही राहत नव्हती. झूराकानने तिला जुन्या लोकरी नमद्यात गुंडाळून घरात आणलं आणि रबरी बोंडल्याने गाईचं दूध पाजलं. तुर्गुनबाय म्हणायचा, "अगं, हे घोडं आहे की माहेरचं माणूस?" ती म्हणायची, "माहेरचं माणूस असतं तर तुम्ही एवढ्यात हाकललं असतंत."

तोरूच्या तोंडावर पहिल्यांदा जी बसले ती मीच. मला दुमडून लहान केलं होतं. लगामाला ती कायम नाक मुरडायची, पण माझ्यात स्वतःहून तोंड घालायची. कारण साधं होतं. संध्याकाळी कुरणावरून आणताना झूराकान मलाच घेऊन जायची, आणि मी चढले की पुढे मीठ असायचं, पाणी असायचं आणि झूराकानचा हात असायचा. तोरूच्या लेखी माझा एकच अर्थ होता, घरी जाणं. मित्रांनो, हे विसरू नका.

तोरू मोठी झाली, तिला शिंगरं झाली आणि ती घरची दुभती घोडी ठरली. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर झूराकान तिचं दूध काढायची, कातडी पखालीत आंबवून घुसळायची आणि रस्त्याच्या कडेला बाटल्या मांडून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. त्या आंबट दुधावर, कुमिसवर, घरातलं पीठ आलं, चहा आला, सगळ्यांच्या पायांत हिवाळी बूट आले. पैसे हातात आले की झूराकान म्हणायची, "तोरूने आणलं." तुर्गुनबायच्याही मनाला ते कधी लागलं नाही.

मग तो वाईट उन्हाळा आला. पाऊस रुसला आणि गवत घोट्याच्या वर चढलंच नाही. त्याच वर्षी तोरूचं शिंगरू पोटातच गेलं. जनावरांचा डॉक्टर तिला तपासून म्हणाला, "वाचली हेच खूप. आता हिला पुन्हा शिंगरू व्हायचं नाही." घोडीला शिंगरू नाही म्हणजे दूध नाही. त्या दिवसापासून बाजाराच्या हिशेबात तोरू म्हणजे फक्त मांस उरली.

घोड्याचं मांस आमच्याकडे खातात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. झूराकाननेही ते पाहुण्यांना मानाने वाढलं आहे. पण जिला बोंडल्याने पाजलं तिच्याबद्दल तिला तसा विचार करता येईना. रचून ठेवलेलं गवत तर गाय, मेंढ्या आणि घोडी या सगळ्यांना पुरणार नव्हतं, आणि विकतच्या गवताचा भाव दर आठवड्याला वर सरकत होता.

"घोडी काढावी लागेल," तुर्गुनबाय चहाची वाटी खाली ठेवत म्हणाला. "गाय ठेवली तर घरात दूध तरी राहील."

"काढा," झूराकान म्हणाली. "पण सुरीकडे नाही. पाळायला नेणारा बघा."

"यंदा पाळायला कोण नेतंय? ज्याला त्याला विकायचंय."

"बघा म्हटलं ना!"

आसानाकून कोपऱ्यात बसला होता. त्याला आताशा डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "म्होरकी तेवढी परत आणा."

पहिल्या रविवारी आम्ही बाजारात गेलो. एका जाड्या मांस-व्यापाऱ्याने तोरूच्या बरगड्यांत बोटं खुपसून चरबी चाचपली आणि म्हणाला, "वय झालंय. ऐंशी हजार सोम."

"वय?" तुर्गुनबाय भडकला. "तिचे दात बघ. तुझ्यापेक्षा शाबूत आहेत!"

दलालाने दोघांचे हात धरून एकमेकांत कोंबले आणि पंपाच्या दांड्यासारखे खालीवर हलवायला लागला. "द्या की दादा! घ्या की शेठ! भांडायला आलात का सोयरीक करायला?" तुर्गुनबायने हात सोडवून घेतला. आम्ही परत आलो, आणि मी तोरूच्या तोंडावरच होते. मला फार आनंद झाला होता.

पण त्या आठवड्यात तोरूने गवत खाल्लंच, आणि ते महाग झालेलं गवत होतं. दुसऱ्या रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्ख्या खोऱ्याने जनावरं आणली होती. सगळ्यांचं गवत एकदम संपत आलं होतं, म्हणून सगळे एकदम विकायला आले होते. सगळे एकदम आले म्हणून भाव पडला होता, आणि भाव अजून पडेल या धास्तीने बायाबापड्या मेंढ्यासुद्धा ओढत आणत होत्या. व्यापारी मात्र सूर्यफुलाच्या बिया सोलत निवांत उभे होते. दिवस मावळला की लोक आपोआप हातात येतात, हे त्यांना पाठ होतं. त्याच जाड्याने तोरूचे बहात्तर सांगितले. तुर्गुनबायचा अभिमान पुन्हा आडवा आला आणि आम्ही पुन्हा परतलो.

तिसऱ्या रविवारी झूराकान स्वतः बरोबर आली. खिंडीत पहिलं बर्फ पडलं होतं. जाड्या आता सत्तरवर आला होता. तुर्गुनबायचा चेहरा पडला. तेवढ्यात एक माणूस जवळ आला. त्याची टोपी पांढरीशुभ्र, बोलणं हळू. त्याचं नाव मामासाली. त्याने तोरूच्या बरगड्यांना हातच लावला नाही. कपाळावरून तळवा फिरवला आणि कानामागे, जिथे माझी गाठ बसते, तिथे खाजवलं. तोरूने डोळे मिटले. झूराकान त्या हाताकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर मीही भाळले.

"ताई, मला मांसाला नको," तो म्हणाला. "सोनकोल तळ्याकडे माझा दुभत्या घोड्यांचा कळप आहे. सगळ्या तरुण आणि उनाड. एक शहाणी म्हातारी पुढे चालली की बाकीच्या सरळ चालतात."

"हिला शिंगरू होणार नाही," झूराकान म्हणाली. "डॉक्टरांनी तसं सांगितलंय. आत्ताच सांगते, मागाहून तक्रार नको."

"शिंगरं द्यायला बाकीच्या आहेत की! पण ताई, मला मांसाचा भाव परवडणार नाही. त्रेसष्ट देईन."

तुर्गुनबायने तिला बाजूला ओढलं. "अगं, तो सत्तर देतोय!"

"तो मारायला देतोय."

"सात हजारांत किती गवत येतं, माहितीये ना?"

"माहितीये. रचते तर मीच."

तुर्गुनबायने हात पुढे केला. दलालाने हात जुळवले, सौदा ठरला, सगळ्यांनी दुआ मागून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तुर्गुनबाय रिवाजाप्रमाणे मला काढायला वळला आणि मामासालीने खिशातून निळी नायलॉनची दोरी काढली. ती दोरी बघताच तोरूने मान वर फेकली आणि मागे सरली. मामासालीच्या ट्रकला लावलेल्या फळीवर ती पाय ठेवेना. मामासालीने दोर ओढला, दलालाने मागून ढकललं, बघ्यांनी टाळ्या पिटल्या, पण ती हलेना.

"राहू दे तिच्या तोंडावर," झूराकान म्हणाली.

"काय राहू दे?"

"म्होरकी. जाऊ दे तिच्याबरोबर."

"डोकं फिरलंय का तुझं? आबांना काय सांगू? घरचं नशीब उचलून देतेस?"

"तिलाच लागणार आहे ते. परक्या गावात चाललीये, तिथे तिला कोण आहे?" असं म्हणून तिने तोरूच्या कपाळाला कपाळ टेकलं, माझी गाठ नीट केली आणि माझा दोर स्वतःच्या हाताने मामासालीला दिला. "तिला सकाळी मीठ लागतं," एवढं ती त्याला म्हणाली.

"देव तुमचं भलं करो, ताई," मामासाली म्हणाला.

मी तोंडावर होते, म्हणून तोरू फळीवरून चढली. शांतपणे चढली. तिला वाटलं, आपण घरी निघालो.

ट्रक डोंगराच्या रस्त्याला लागला आणि टेकडीआड गेल्यावर वळला. कुंपणामागच्या कच्च्या रस्त्याने तो पुन्हा बाजाराच्या पाठीशी आला आणि एका आवारात थांबला. तो जाड्या व्यापारी तिथे उभा होता.

"घे. सत्तर म्हणाला होतास ना?" मामासाली म्हणाला.

"एवढ्या झटक्यात कसं पटवलंस रे?"

"डोकं कुरवाळलं."

दोघं हसले. मित्रांनो, मला ओरडता येत असतं तर मी सगळा बाजार गोळा केला असता. पण म्होरकीला तोंड नसतं, ती दुसऱ्याच्या तोंडावर असते. मामासालीने माझा दोर हलकेच ओढला आणि तोरू त्याच्या मागून आत गेली. ती कान टवकारून चालत होती, मिठाची वाट बघत. शेवटपर्यंत मी तिच्या तोंडावर होते. मग मला काढलं. याच्यापुढचं मी कुणालाही सांगत नाही.

तो हिवाळा मी मामासालीच्या हातात काढला. मी मऊ आहे, माझ्यात घोड्यांचा जुना वास आहे, त्यामुळे बिचकलेली जनावरं मला लवकर वश होतात, असं तो लोकांना कौतुकाने सांगायचा. आयुष्यभर मी कौतुकाची हावरी होते. ते कौतुक मात्र मला नकोसं झालं.

घरी काय चाललं होतं ते मला नंतर, खुंटीवर लटकल्यावर, बोलण्यांतून कळलं. सात हजारांचं गवत कमीच पडलं. हिवाळा सरता सरता गाय इतकी वाळली की तिला सकाळी दोघांनी धरून उभं करावं लागायचं. शेजारणी म्हणायच्या, "म्होरकी दिली ना, मग हे व्हायचंच!" आसानाकून मात्र सुनेला एका शब्दाने बोलला नाही. उलट वारा सुटला की म्हणायचा, "सोनकोलला आता बर्फ वितळायला लागलं असेल. तोरूला कोवळं गवत मिळेल." आणि सगळे जेवताना पुन्हा पुन्हा तेच बोलायचे. तोरू तरी मजेत आहे, या एका गोष्टीवर त्या घराने हिवाळा काढला.

वसंतात बाजार फिरला. डोंगर हिरवे झाले, आता गवत फुकट होतं आणि जनावर मात्र कुणाकडे नव्हतं, कारण सगळ्यांनी शरदातच विकून टाकलं होतं. शरदात ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्या जनावराला आता दुप्पट भाव आला. विकणारे तेच लोक आता विकत घ्यायला उभे होते आणि व्यापारी अजूनही बियाच सोलत होते.

झूराकान त्या दिवशी लोकर विकायला आली होती. मी एका करड्या घोड्याच्या तोंडावर होते आणि मामासाली गिऱ्हाइकाची वाट बघत उभा होता. ती आमच्यावरून पुढे गेली, थांबली आणि मागे आली. तिने आधी ती विटकी चिंधी बघितली आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"ओळखलंत का?" तिने विचारलं.

"ओळखलं की, ताई!" मामासालीचा आवाज तोच, हळू आणि मऊ. "तुमच्या घोडीला मी नवी म्होरकी केली. ही तशीच पडली होती, म्हणून वापरतो."

"बरी आहे ना ती?"

"झकास आहे! आणि गोड बातमी सांगू? गेल्याच आठवड्यात तिला शिंगरू झालं. कपाळावर पांढरी चांदणी आहे बघा."

झूराकानच्या हातातलं लोकरीचं गाठोडं खाली पडलं. हिला शिंगरू होणार नाही, हे तिने याच माणसाला, याच बाजारात, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तो ते विसरून गेला होता. त्याला ते लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती.

मग ती पुढे आली आणि भर बाजारात तिने माझी गाठ सोडली. करड्या घोड्याने क्षणभर आश्चर्याने बघितलं, मान झटकली आणि माणसांतून, मेंढ्यांतून, गाड्यांमधून धूम ठोकली. "अगं बाई, काय केलंस!" म्हणत मामासाली टोपी सांभाळत त्याच्यामागे पळाला. लोक पोट धरून हसले. दलाल ओरडला, "वहिनी, दर रविवारी येत जा!" झूराकान हसली नाही. मला पोटाशी धरून ती कोरड्या डोळ्यांनी चालत राहिली. गाव दिसायला लागल्यावर मात्र ती रस्त्याच्या कडेला बसली आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात माझा दोर कोंबून रडली.

घरी आसानाकून दारात उन्हाला बसला होता. तिने चेहरा पुसला आणि मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"आबा, म्होरकी आली. त्या माणसाने परत दिली. म्हणाला, तुमच्या घरचं नशीब तुमच्याकडे राहू दे."

म्हाताऱ्याने मला बोटांनी ओळखलं. एकेक पेड चाचपत तो गाठीपर्यंत आला. "आणि तोरू?"

"बरी आहे. तिला नवी म्होरकी केलीय."

"नायलॉनची का केसांची?"

"केसांची, आबा."

"मग ठीक आहे."

त्याने मला उचलून नाकाशी धरलं. माझ्यात त्या हिवाळ्यातल्या कितीतरी परक्या घोड्यांचा वास होता, त्यांच्या भीतीचा घाम होता, त्या आवाराचा वास होता. आणि त्या सगळ्याच्या खाली, आत, पेडांमध्ये, तोरू होती. जन्म घोड्यांत काढलेल्या माणसाला वासावरून सगळं कळतं. त्याने मला सावकाश पुन्हा मांडीवर ठेवलं.

मग तो म्हणाला, "सूनबाई, वसंताची धुणी काढशील तेव्हा हिला धुऊ नकोस हं."

"नाही धुणार, आबा."

"हं. तोरू बरी आहे म्हणालीस ना?"

"बरी आहे."

"छान झालं," म्हातारा म्हणाला, आणि चाचपडत आत येऊन त्याने स्वतः मला या खुंटीवर अडकवलं. त्या दिवसापासून या घरात सासरा आणि सून दोघंही एकमेकांना सांगतात की तोरू मजेत आहे. तुर्गुनबायला ते खरंच वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. कुणी म्हणतं मला तेलपाणी करा, कुणी म्हणतं मला अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मी तुटेन, कसर लागेल, चालेल. तुम्ही कधी या घरात पाहुणे म्हणून आलात आणि तुम्हाला वाटलं की ही म्होरकी किती कळकट आहे, जरा पाण्यातून काढावी, तर तेवढं करू नका. तोरूचं या जगात दुसरं काही उरलेलं नाही. म्हातारा रोज सकाळी मला नाकाशी धरतो आणि मग चुलीपासून चिमूटभर मीठ आणून माझ्या दोराला लावतो. मला धुऊ नका.